काखेतली खपली

सकाळच्या धारा आटोपल्या, कासंड्या धुऊन पालथ्या पडल्या आणि धाकटी रोजच्यासारखी रॉकेलचा डबा घेऊन गाईच्या कानापाशी बसली. गोठ्यातल्या गोचिडी काढाव्यात तर तिनंच. नऊ वर्षांची तिची बोटं कानाच्या घडीत नेमकी शिरत आणि तोंड त्याहून भराभर चाले. म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. त्या बुधवारी मात्र अर्धा कान साफ करून ती गव्हाणीला टेकून बसली ती बसलीच, एक अक्षर बोलेना. गवळ्यानं लेकीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

गवळ्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घर त्याची मोठी बहीण सांभाळत होती. तिचं वागणं काटेकोर, उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्या. थोरल्या मुलीचं लग्न तिनंच जमवत आणलं होतं आणि रविवारी मुलाकडची माणसं घर बघायला यायची होती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि अंगावर कुठे डाग, चट्टा, काही चावल्याची खूण आहे का, असं विचारलं. गवळ्यानं बहिणीकडे पाहिलं. टकळीच्या फ्रॉकची कड मुठीत धरून बहीण म्हणाली, छे, पोरीचं अंग आरशासारखं स्वच्छ आहे. हवा बदलल्याचा ताप ठरला. शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरांनी तेच विचारलं, तेव्हा गवळीच म्हणाला, "नाही." रक्त तपासलं, त्यात नेहमीचा कुठलाच ताप निघाला नाही. गवळी जीव टांगणीला लावून वणवण करत होता आणि आपल्याच तोंडानं लेकीची वाट बंद करत होता.

तो खोटं बोलत नव्हता. मुलगी जरा मोठी झाली, की बापानं तिच्या अंघोळीकडे फिरकायचं नाही, ही आपली सभ्यता. आणि गोचिडीचं म्हणाल, तर जी रोज डबाभर निघते तिचं नाव डॉक्टरांपुढे काय काढायचं?

आत्याला ठाऊक होतं. मंगळवारीच अंघोळ घालताना टकळीच्या काखेत मसुरीएवढी काळी खपली दिसली होती. गुरुवारी पोटावर लाल ठिपके उठले. तिनं पावडर थापली आणि पोरीला गप्प राहायला बजावलं. बाई दुष्ट नव्हती. तिच्या स्वतःच्या दंडावर लहानपणापासून पांढरा डाग होता, त्यापायी दोन स्थळं दारातून परत गेली होती आणि तिसरं आलंच नाही. डागाचं घर म्हणून नाव पडलं की काय होतं, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला माहीत होतं?

शनिवारी दुपारी टकळी बरळायला लागली. गवळ्यानं दुधाच्या टेम्पोतले कॅन खाली फेकले, तिला आत्याच्या मांडीवर दिलं आणि थोरल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी फ्रॉक काढायला सांगितला. इथे पुरुषमाणसं आहेत, असं आत्या पुटपुटली. बाईंनी पडदा ओढला आणि स्वतःच टकळीचा हात वर करून काख पाहिली.

"घरी गुरं आहेत?" त्यांनी विचारलं.

"गोठाच आहे," गवळी म्हणाला.

"काखेतली ही खपली गोचीड चावल्याची. हा गोचिडीचा ताप आहे. औषध साधं आहे हो. बुधवारी मिळालं असतं तर..." त्या सलाईन लावायला लागल्या.

गवळी बहिणीकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अक्का, तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," ती म्हणाली. "रविवार तेवढा पार पडू दे म्हटलं."

त्यानं तिथूनच मुलाकडच्यांना फोन लावला. आत्या त्याचा हात धरायला गेली, त्यानं झटकला.

"उद्या याच," तो म्हणाला. "पण घरी नको, दवाखान्यात या. आमच्या धाकटीच्या अंगभर डाग उठलेत. आधी बघा, मग ठरवा."

रविवारी कोणी आलं नाही. थोरलीनं बहिणीच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि त्या माणसांचं नाव पुन्हा काढलं नाही.

तीन आठवड्यांनी टकळी घरी आली. वाचली, पण ताप तिचे दोन्ही कान घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हट्टानं डबा घेऊन गोठ्यात गेली आणि गाईशी बोलत बसली, पूर्वीसारखीच, फक्त फार मोठ्यानं. आत्यानं दारातून हाक मारली. मग आणखी एकदा, घशाच्या शिरा ताणून. टकळी वळली नाही.

आत्या गोठ्यात आली. भर अंगणात दूध घ्यायला आलेली माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तिनं दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या, पोरीच्या हातातला डबा घेतला आणि गाईच्या कानापाशी बसली. दंडावरचा पांढरा डाग सगळ्यांना दिसत होता.