जागेप्रमाणे वाटणी

माझी धाकटी बहीण हिशेबशास्त्रात प्रबंध लिहून मिळणारी वरची पदवी घेत होती, तेव्हा ती आमच्याच घरी राहायची. जेवणाच्या टेबलावर तिचे कागद पसरलेले, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. ते दिवस अजून डोळ्यांपुढे येतात. किती हसायचो!

कारखान्यात प्रत्येक खात्याचा खर्च कसा धरावा, हा तिचा विषय. कारखाना मिळवून दिला माझ्या नवऱ्याने. आमचे हे कापड गिरणीत रंगखात्याचे मुकादम होते. "आमची मेव्हणी आहे साहेब, कुणाला त्रास द्यायची नाही," असं म्हणून त्यांनी मॅनेजरांच्या मागे लागून परवानगी आणली. अट एकच: प्रत्येक प्रकरण लिहून झालं की प्रत आधी ऑफिसात द्यायची.

"भाऊजी, रंगखात्याची फरशी मोजायचीय."

"बाईसाहेब, आज फरशी, उद्या आम्हाला मोजाल!"

पण सुट्टीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरून हेच उभे राहिले.

भाडं, दिवे, पहारा हे सगळ्या खात्यांचे सामायिक खर्च. ते कुणाच्या माथी किती मारायचे, हाच तिचा प्रश्न. तिसऱ्या प्रकरणात तिने ते जागेप्रमाणे वाटले. ओलं कापड पसरायला जागा लागते, त्यामुळे रंगखातं सर्वांत ऐसपैस. साहजिकच ते तोट्यात निघालं. चौथ्या प्रकरणात तेच खर्च कापडाच्या वजनाप्रमाणे वाटले, तर रंगखातं चक्क नफ्यात येत होतं. पद्धत बदलली की उत्तर बदलतं, हेच तिला दाखवायचं होतं.

ऑफिस चौथ्या प्रकरणासाठी थांबलं नाही. रंगखातं बंद, ह्यांच्यासकट सगळी माणसं घरी, रंगवायचं काम बाहेर, अशी नोटीस लागली.

हाताने खरडलेलं चौथं प्रकरण घेऊन ती धावली. मीही बरोबर गेले. मॅनेजर सज्जन होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"तिसरं प्रकरण चुकलंय का?"

"नाही, पण ते एकटं वाचायचं नाहीये."

"आकडे बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर. मालकांना पटलंय, बाई. आता माझ्या हातात काही नाही."

तिथून आम्ही तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेलो. "तिसरं प्रकरण मागे घेते," ती रडत म्हणाली.

"घे. पण त्याने खातं उघडेल का?"

घरी येऊन तिने कागद बांधून माळ्यावर टाकले. ते ह्यांनीच खाली काढले. "लिहून टाक," म्हणाले. "निदान एकाचं तरी काम होऊ दे."

तोंडी परीक्षेला घरच्यांना बसता यायचं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही मागच्या बाकावर बसलो. दोन्ही पद्धती तिने नीट समजावल्या, पण अगदी खालच्या आवाजात. शेवटी बाहेरगावचे परीक्षक उठले.

"प्रबंध बहुधा कपाटात पडून राहतात," ते म्हणाले. "या मुलीच्या संशोधनाचा मात्र कारखान्याने लगोलग उपयोग केला, असं ऐकतो. अभिनंदन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली मान घालून उभी होती. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. मग मीही वाजवल्या. काय करणार?