जागवणारीचं नाव

झोपण्याआधी शीतपेटीच्या झाकणावर हात ठेवून प्रत्येकाने एक नाव घ्यायचं, ही आमची रीत. जहाजावर माणसं पाळीपाळीने झोपतात. वर्षानुवर्षांच्या त्या गोठलेल्या झोपेतून बाहेर येणाऱ्याला आपला चेहराही काही काळ परका वाटतो. त्या वेळी कानावर पडणारा पहिला आवाज प्रेमाच्या माणसाचा हवा. ज्याचं नाव घेतलं, तो जागवणारा. आमच्याकडे लग्न म्हणतात ते एवढंच.

आम्ही तिघी एका घरात राहणाऱ्या, एकमेकींच्या. नोंदणीच्या दिवशी मी अन्नकुट्टीचं नाव घेतलं, अन्नकुट्टीने तंकमणीचं, तंकमणीने माझं. कुणी उरू नये म्हणून. त्या वर्तुळाचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता!

शनीच्या चंद्रावरची वसाहत रिकामी होत होती. आमची पाळी आली तेव्हा जहाजाच्या दारातच नावं तपासणाऱ्या कुरुविळा सारने हात आडवा केला.

“नावं जुळत नाहीत, सुहरा,” तो मला म्हणाला. “तू जिचं घेतेस तिने तुझंच घ्यायला हवं. नावं नोंदणाऱ्या यंत्राला फक्त जोडी कळते. तुमचं कुणाचंच कुणाशी बसत नाही, म्हणून त्याने तुम्हाला एकेकटं धरलंय. तीन जहाजं, तीन ठिकाणं.”

“मग तिघींची पाळी लावा. एक झोपली की दोघी जाग्या. त्यात कुणाचं काय बिघडतं?”

“नियम मी नाही केला.”

“पण चावायला मात्र तुम्हीच पुढे, सार,” अन्नकुट्टी म्हणाली.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “घर मांडताना मोजता येत नव्हतं का गं?” हशा पिकला. सुक्या मासळीच्या गाठोड्यांवर टेकून माणसं हसत होती. आजारपणात त्यांच्या उशाशी आम्हीच बसलो होतो.

“दोघी जोडी करा,” कुरुविळा आवाज उतरवून म्हणाला. “तिसरी दुसऱ्या जहाजाने जाईल. आत्ताच सांगा.”

“मी जाते,” तंकमणी म्हणाली. तिच्या स्वरात कंपही नव्हता. “या दोघींना जाऊ द्या.”

माझ्या डोक्यात काहीतरी पांढरंफेक फुटलं. त्या माणसाचा राग मला पेलत होता, रांगेचाही. पण हिचं हे शांतपणे, चहाचा कप पुढे सरकवावा तसं स्वतःला बाजूला सारणं मला पेलेना.

“कुणाला विचारून?” मी किंचाळले. “आम्हाला तुझी भीक नकोय, तंकम!”

“भीक?” ती वळली. तेवढ्यात तिचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला. “तुम्ही दोघी भांडलात की मी समजूत घालायची, गोड झालात की मी स्वयंपाकघरात. कुणाला जायला सांगायचं ते तुमच्या डोळ्यांत मला आधीच दिसलं. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच म्हटलं. आता ओरड.”

कुरुविळाने विचारलं तेव्हा माझी नजर खरोखर क्षणभर तिच्याकडे गेली होती. त्या क्षणाचा मला अजूनही संताप येतो.

मी दाराजवळच्या शीतपेटीच्या झाकणावर हात आपटला. “तंकमणी!” मी ओरडले. “माझी जागवणारी तंकमणी!”

मी आपलं नाव टाकलेलं पाहून अन्नकुट्टीने माझ्याकडे अशा जळजळीत नजरेने पाहिलं, की ती मला मारेल असं वाटलं. मग तिने माझा हात ढकलून आपला ठेवला. “मी आधीपासून तिचंच घेतलंय. पुन्हा घेते. तंकमणी!”

“चेची,” कुरुविळा तंकमणीला थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, आता अजीजीने, “तुमच्या हातात आहे. यांपैकी एक नाव नव्याने घ्या.”

तंकमणीने झाकणावर हात ठेवला.

“दोन घेईन,” ती म्हणाली. “नाहीतर एकही नाही.”

“यंत्र घेणार नाही.”

“तर यंत्राला थांबू दे.”

ती उंबऱ्यावर बसली, दाराच्या बरोबर खाचेत. मी तिच्या एका बाजूला बसले, अन्नकुट्टी दुसऱ्या. रांग खवळली. “उठा गं! पोरंबाळं आहेत आमची!” कुणीतरी गाठोडं फेकलं. कुरुविळा पहारेकऱ्यांना हाका मारू लागला. माणूस आडवा आला की ते दार मिटत नाही, आणि दार मिटल्याशिवाय जहाज हलत नाही.

“उठा, सुहरा! शेवटचं सांगतोय!”

“नावं घ्या आमची,” मी म्हणाले. “तिन्ही.”

दार सरकत आलं, माझ्या खांद्यावर जोरात आदळलं आणि मागे गेलं. मग पुन्हा आलं.