दुसरी आंघोळ

"पोट हाताले कसं लागते? नरम का कडक?" देवकाबाईनं खिडकीच्या गजांतून विचारलं.

आत सोळा वर्षांची कांता बावरून गेली होती. वहिनीच्या पोटाला असा हात लावायची तिची पहिलीच वेळ. "नरम व देवकाबाई. भिजवलेल्या कणकीवानी."

"मंग चोळ. बेंबीखाली, जोरानं. लाजू नोको."

तासाभरापूर्वी याच खोलीत देवकाबाईनं नलूला मोकळं केलं होतं. पाचवं बाळंतपण, दीड दिवस कळा, आणि शेवटी मुलगा. वार पडल्यावर तिनं ती उलटसुलट करून पाहिली. तुकडा आत राहिला नव्हता. सेवाग्रामला महिनाभर राहून ती हे सारं शिकून आली होती. पण पाटलांच्या घरची रीत ठरलेली. नाळ कापेपर्यंत देवकाबाईचा हात कुठंही चालायचा. बाळंतिणीच्या डोक्यावरून पाणी पडलं की तोच हात बाटवायचा. गेल्या वर्षी तिच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. तिनं घरातले देव नदीत सोडले, बाळंतपणामागे मिळणारं शिळंपाकं घेणं बंद केलं. पाटलांच्या उंबरठ्याला मात्र या गोष्टीचा पत्ता नव्हता.

आणि नलूची आंघोळ होऊन गेली होती.

"पाटलीणबाई, तिसरी गोधडी भिजली. मले आत येऊ द्या."

"घाण हाये ते," सीताबाई नातवाला मांडीवर घेऊन निवांत बसल्या होत्या. "जाऊ दे जेवढी जाते तेवढी. आत राह्यली तं बाधते."

"घाण नोहे, रगत हाये. पिशवी सैल पडली म्हून थांबून नाई राह्यलं. पोराले तरी तिच्या छातीशी लावा. त्यानं पिशवी आवळते."

"तीन दिवस चीक पाजत नसतात आमच्यात. तू मले शिकवू नोको, देवके."

नलूनं जांभई दिली. मग पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मागितल्याचं विसरून गेली. तिचे ओठ पांढरे पडलेले खिडकीतूनही दिसत होते. कांता रडायला लागली, आणि देवकाबाईनं उंबरठा ओलांडला.

सीताबाई ओरडल्या. त्यांच्या दोन जावा धावत आल्या आणि विटाळाच्या भीतीनं दारातच थबकल्या. तेवढा एक फायदा त्या विटाळाचा झाला. देवकाबाईनं एक मूठ आतून लावली, दुसरा हात पोटावरून दाबला आणि पिशवी मधे घट्ट धरली. हळूहळू ती आवळायला लागली. धार मंदावली, नुसते थेंब उरले.

"नत्थूजी, गाडी जुंपा!" ती आतूनच ओरडली. "सडकेवर टरक भेटन. कारंज्याच्या दवाखान्यात सुई देतात यावर. मी अशीच हात धरून गाडीत बसतो."

नलूच्या नवऱ्यानं बैल जुंपले. गाडी दाराशी लागली, कांता चढून बसली, आणि सीताबाई आडव्या आल्या. "सून बाटली आता. गाडीत आमच्या घरचं माणूस बसते. आधी डोक्यावरून पाणी, आन् मंग गाडी. आन् तू हात लावाचा नाई."

"हात काढला तं मरन ना ते!"

"मंग गाडी नाई निघत."

देवकाबाईनं नत्थूजींकडं पाहिलं. एवढा मोठा गडी, चार मुलांचा बाप, आता पाचवं झालेलं. तो बैलांच्या शिंगांकडं बघत होता.

"माय म्हणते तसं कर ना व, देवका," तो म्हणाला.

तिचे हात बधिर होत चालले होते. किती वेळ धरणार? सुई कारंज्याला, आणि कारंज्याला नेणारी गाडी या बाईच्या हुकमात. देवकाबाईनं हात काढला. गाडी निघावी म्हणून काढला, पण काढला तिनंच. हे तिला पुढं कुणी कधी विचारलं नाही, आणि ती कधी विसरली नाही.

दोघी जावांनी नलूला न्हाणीच्या दगडावर बसवलं. ती बसत नव्हती, तिची मान कलत होती. तिच्या डोक्यावरून त्यांनी चार तांबे थंड पाणी ओतलं. पाणी लाल होऊन मोरीतून अंगणात आलं. तिला कोरडं लुगडं नेसवूनच गाडीत घातलं, रीत होती ना.

चैत्रातलं ऊन. गाडीत बसायला मनाई म्हणून देवकाबाई मागं धावत होती, फुफाट्यातून, अनवाणी. "चोळ, कांता! बेंबीखाली! हात काढू नोको!"

"चोळून राह्यली ना व!" कांता आतून ओरडत होती. तिचे कोपर वरखाली होताना दिसत होते.

नाला ओलांडला. लिंबाची झाडं मागं पडली. सडकेवरच्या टरकांचा आवाज ऐकू यायला लागला.

तेवढ्यात कांतानं तोंड बाहेर काढलं. तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि ती हसत होती.

"थांबलं व देवकाबाई!" ती म्हणाली. "एक थेंबही नाई आता. पाहा ना, थांबलं!"

देवकाबाई रस्त्यातच उभी राहिली. जिवंत बाळंतिणीचे थेंब असे एकदम थांबत नसतात, हे तिला ठाऊक होतं. गाडी पुढं जात होती, आणि कांता अजून चोळतच होती.