सोनाबाईची ओली चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल. डोक्यावर ओझे घेताना बायका कापड पिळून त्याचे गोल कडे करतात आणि डोके नि पाटी यांच्यामध्ये ठेवतात, ती मी. मासळीला भाव मिळतो, पाटीला मान मिळतो आणि मला मिळतो तो घाम. पण बाईच्या डोक्यात काय चालले आहे, हे माझ्याइतके कोणाला कळत नाही. छाती नसली तरी हे मी छाती ठोकून सांगेन.

मी जन्माने चुंबळ नव्हे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी बाळाजी कोळी मासळी घेऊन मुंबईला भाऊच्या धक्क्यावर गेला आणि येताना बायकोसाठी, सोनाबाईसाठी, लाल लुगडे घेऊन आला. त्या लुगड्याचा मी पदर. ते नेसून सोनाबाई बोर्ली पंचतनच्या बाजारात बसली की गिऱ्हाईक आधी लुगड्याकडे बघे, मग बोंबलांकडे. पुढे खाऱ्या वाऱ्याने आणि मासळीच्या पाण्याने लुगडे विरले. सोनाबाईने त्याचे तुकडे फाडले. त्या काळी बायका महिन्याच्या पाळीसाठी असेच जुने कापड वापरत. त्याच कामासाठी मीही घडी होऊन पेटीत पडले. माझी वेळ येईल म्हणून वाट पाहत राहिले, पण ती काही आली नाही.

सोनाबाईची पाळी बंद होऊ लागली होती. मित्रांनो, यात लाजायचे काही नाही. वय झाले की प्रत्येक बाईच्या वाट्याला हे येते. पण सोनाबाईला हे कोणी सांगितलेच नव्हते. पेटीचे झाकण मोडके होते, त्यामुळे घरातले नि अंगणातले सारे मला दिसे नि ऐकू येई. भर थंडीत तिच्या अंगातून वाफा निघत. डोळ्याला डोळा लागत नसे. भाकरी करपली तरी ती रडे आणि तिची सून, राही, समजूत घालू लागली की तिच्यावरच खेकसे. एकदा तर भर बाजारात तिच्या अंगाची लाही झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाटी कलंडून बांगडे धुळीत लोळले. जिच्या तोंडाला व्यापारी टरकत, ती सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. हे राहीने घरी येऊन सांगितले.

बाळाजीची थोरली बहीण आवडाबाई विधवा होती आणि याच घरात राहत होती. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ती म्हणाली, "हिला बाहेरची बाधा हाय. भगताला बोलवा. आन् पाटी आता राहीच्या डोक्यावर."

"व्हय सोना, लय केलंस," बाळाजी म्हणाला. "आता बस घरी."

आपण मायेनेच बोललो, असे त्या बिचाऱ्याला वाटले. पण सोनाबाईचा जीव कासावीस झाला. लग्न झाल्यापासून ती बाजारात त्या एकाच जागेवर बसत आली होती. तिथे ती कोणाची बायको नव्हती की सासू नव्हती, सोनाबाई होती.

पुढच्या बाजाराला तिने हट्टाने पाटी भरली. पण मित्रांनो, भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. आवडाबाईने हात पाठीमागे घेतले आणि राहीला डोळ्यांनीच दटावले. सोनाबाई बराच वेळ वाकून उभी राहिली. कोणी पुढे आले नाही, पाटी अंगणातच राहिली.

त्याच दिवशी केसर दारात आली. ही आतल्या गावची शेतकरीण, तांदूळ देऊन सुकी मासळी नेणारी. सोनाबाईची जागा रिकामी दिसली म्हणून वाट वाकडी करून आली होती.

"गो सोने, जिती हायस ना?"

सोनाबाईने सारे सांगितले. केसर खो खो हसली. "भूत न्हाय गो, बाधा न्हाय! पाळी जायला लागलीय तुजी. माजी गेली तवा मी भर माघात ओढ्यात पाय सोडून बसायची. नवरा म्हनं, म्हस झालीस काय?"

"मंग गो?"

"मंग काय? काई दिस छळतं, मंग निवतं. घाबरायचं न्हाय आन् गप बी ऱ्हायचं न्हाय."

सोनाबाई हसली आणि हसता हसता रडली. मग तिने पेटी उघडली. "तुजं ते काम आता उरलं न्हाय, बाय," ती मला म्हणाली, आणि मला कळशीत बुडवून, पिळून तिने माझी चुंबळ केली. मी तिच्या डोक्यावर बसले. डोके तव्यासारखे तापले होते. मी ओली गार होते. आमचे तेव्हाच जमले.

पुढच्या बाजाराला ती आवडाबाईसमोर उभी राहिली. "वन्सं, बाधा न्हाय. पाळी जायला लागलीय माजी. तुमची गेली तवा काय झालं व्हतं?"

आवडाबाई उंबऱ्यावर बसली. "मला धुरात बसवलं भगतानं," ती म्हणाली. "बरी झाली म्हनले. पन पाटी परत दिली न्हाय कुनी."

म्हणजे तिचीही बाजारात जागा होती एके काळी! इतकी वर्षे ती स्वतःला झपाटलेलीच समजत आली होती. मला फार वाईट वाटले. पण आवडाबाई डोळे पुसून उठली आणि तिने पाटीचा काठ धरला.

"वाक, सोना. हां... उचल!"

पाटी माझ्यावर येऊन बसली. वाटेत दोनदा तिचे अंग तापले. दोन्ही वेळा सोनाबाई सावलीला टेकली, तिने मला पुन्हा भिजवले आणि ती पुढे निघाली. बाजारात तिने अशी हाळी दिली की घासाघीस करायला आलेले व्यापारी ती सांगेल तो भाव देऊन गेले. ऊन चढायच्या आत पाटी रिकामी झाली. सोनाबाईचा राग काही एका दिवसात गेला नाही. पण आता ती सकाळीच राहीला सांगे, "आज डोकं तापलंय गो, लांब ऱ्हा," आणि दोघी हसत. पुढच्या बाजाराला सुक्या जवळ्याची लहान पाटी घेऊन आवडाबाईही निघाली. तिच्या पाटीला हात लावला सोनाबाईने.

आता मी विरले आहे, खुंटीवर असते. सोनाबाई पुढेही कित्येक वर्षे बाजाराला जात राहिली, नव्या चुंबळीवर आणि थंड डोक्याने. मित्रांनो, मला कधीमधी उन्हात वाळवा, एवढे माझ्यासाठी पुरे. पण तुमच्या घरातली आई, काकू, आत्या अशी अचानक तापली, रडली, तर 'हिला काय झालंय' असे एकमेकांना विचारू नका. तिच्याजवळ जा आणि तिलाच विचारा, "हात लावू का?" पुढे पाटी तिची ती नेते.