पाठमोरं वाक्य

छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्याला सगळे मशीनमनच म्हणत. उभा जन्म त्याने मोठ्या छपाईयंत्रापाशी काढला, आणि यंत्राने बदल्यात त्याचे दोन्ही कान ठेवून घेतले. छापखान्यात त्यामुळे काही अडलं नाही. त्या धडधडाटात चांगल्या कानांची माणसंही एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची. अडलं ते घरी.

म्हणून बायकोने नियम घातला होता, या घरात पाठमोरं बोलायचं नाही. भाजी परतताना काही सांगायचं झालं, तर गॅस बारीक करायचा, वळायचं, तोंड समोर करायचं आणि मग बोलायचं. मुलगी लहानपणी एकदा रुसून भिंतीकडे बघत काहीबाही पुटपुटली, तर आईने तिला चांगलंच फैलावर घेतलं. "बोल काय हवं ते," आई म्हणाली होती, "पण त्यांच्या तोंडावर बोल. त्यांना उत्तर तरी देता येईल." तसं बघितलं तर मशीनमन या घरात सुखी होता. जगात बहिऱ्याला चुकवून बोलणं फार सोपं असतं, आणि निदान घरात तरी त्याला कुणी चुकवत नव्हतं.

पुढे बायको गेली. मुलीची नोकरी गेली आणि ती बापाकडे राहायला आली. आल्यावर तिने बापासाठी ऐकायचं यंत्र शोधायला घेतलं, शोधताना ठेचा खाल्ल्या, आणि त्या ठेचा इतरांनी खाऊ नयेत म्हणून व्हिडिओ करू लागली. व्हिडिओत बापच बसे. पद्धत ठरलेली होती. यंत्र आधी चांगले पंधरा दिवस वापरायचं, मग कॅमेऱ्यासमोर यायचं. सुरुवातीला बाबा यंत्राशिवाय, शेजारच्या खुर्चीत. मुलगी कॅमेऱ्याकडे बघून प्रस्तावना करी. मग यंत्र कानात जाई, आणि ती त्यांच्याकडे वळून प्रश्न विचारी.

लोकांना तो आवडला, कारण त्याला नाटक जमत नसे. यंत्र भिकार असलं की कपाळाला आठी पडे. "कानात चिमणी ओरडतेय. कुणी घेऊ नका," असं एकदा त्याने तोंडावर सांगून टाकलं, आणि मुलीने ते कापलं नाही. त्याच्या शब्दावर लोक यंत्रं घेऊ लागले. पैशांचे व्यवहार मुलगीच बघे.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्याचे दोन जुने सोबती येत. एक छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी, दुसरा पुस्तकं बांधणारा बाइंडर. छापखाना गेला तरी बाक टिकला होता. बाइंडरच्या बायकोला अलीकडे कमी ऐकू येऊ लागलं होतं. मशीनमनने त्याला यंत्राचं नाव सांगितलं आणि वर छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, चांगलं आहे म्हणून सांगतोय. मला यात छदाम मिळत नाही." बाइंडरने यंत्र घेतलं. त्याच्या बायकोला लेकीचं फोनवरचं बोलणं कळू लागलं. मशीनमन खूश झाला. आयुष्यभर कागद छापले, आता माणसांच्या उपयोगी पडतोय, असं तो स्वतःशीच म्हणाला. पुढे बाकावर कुणीही विचारलं की तो तेच वाक्य म्हणे. छदाम मिळत नाही.

मग एका कंपनीने व्हिडिओसाठी नवं यंत्र पाठवलं. आधीची यंत्रं समोरच्या माणसापुरती बरी होती. हे पाठीमागचंही टिपायचं, आणि फोनमधला आवाज थेट कानात आणायचं. मशीनमन ते घालून बाकावर गेला. सांगायचं काही नाही, असं त्याने ठरवलं होतं. नीट वापरून मगच बोलायचं, ही त्याची शिस्त.

जुळारी आणि बाइंडर बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसले होते. आवाज खाली आणायची त्यांना सवयच नव्हती. इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती.

"यंत्राला मी नावं ठेवत नाही," बाइंडर म्हणत होता. "बायको सुखात आहे. पण हा आपल्याशी खोटं का बोलतो रे?"

"जाऊ दे. वय झालं."

"वय काय? पोरगी पडद्यावर चक्क सांगते, तुम्ही घेतलंत की आम्हाला कमिशन मिळतं. हा शेजारी बसून मान हलवतो. आणि इथे येऊन म्हणतो, छदाम मिळत नाही. मिळू दे ना! मी काय त्याच्या पोटावर पाय देणार होतो? पण मला सांगायचं. चाळीस वर्षांची ओळख आहे."

 मशीनमन नेहमीसारखा झाडाकडे बघत राहिला. बाइंडर वळून, तोंड समोर करून, मोठ्याने म्हणाला, "काय, आज गार आहे, नाही?" आणि मशीनमनने मान हलवली.

घरी येऊन त्याने फोन घेतला. स्वतःचे व्हिडिओ त्याने पाहिले होते, पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ओठ वाचता येत नसत, आणि ऐकले तर कधीच नव्हते. आज मुलीचा आवाज थेट कानात आला. स्वच्छ, गोड, थोडा आईसारखा. "सुरुवातीलाच सांगते, खालच्या लिंकवरून यंत्र घेतलंत तर कंपनी आम्हाला कमिशन देते." आणि शेजारी तो बसला होता. कानात काही नाही, चेहऱ्यावर हसू, आणि मान हलतेय. त्याने दुसरा लावला. तिसरा लावला. प्रत्येकात तेच वाक्य, प्रत्येकात तीच मान. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

मुलगी भाजीची पिशवी घेऊन आत आली तेव्हा फोन अजून चालूच होता.

"हे मला कधी सांगितलंस?"

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "प्रत्येक व्हिडिओत सांगते बाबा. सांगावंच लागतं, नियम आहे."

"जगाला सांगितलंस. मला कधी?"

 ती वळली, तोंड समोर केलं. इतकी सवय तिच्या अंगात मुरलेली होती. "तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटलं असतं कदाचित."

"मग आपण खाल्लं काय असतं? एकदा तरी वाईटाला चांगलं म्हणायला लावलं का मी तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग मी मान कशाला हलवत होतो?"

"मी नव्हतं सांगितलं हलवायला," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हीच हलवता. नेहमी."

हे मात्र खरं होतं. ऐकू न येणारा माणूस मान हलवतो. दर वेळी काय, काय, म्हणून विचारलं की लोक कंटाळतात. पण बाकीच्यांसमोर तो हलवायचा. घरात कधी हलवावी लागली नव्हती.

"छदाम मिळत नाही, असं मी बाकावर सांगत आलो. उद्या काय सांगू?" त्याने विचारलं. "माहीत होतं म्हटलं तर मी खोटा. माहीत नव्हतं म्हटलं तर तू."

 त्या दिवशी दोघं पोटभर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर गेला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मला कमिशन मिळतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. चुकलं माझं."

जुळारी म्हणाला, "अरे, बस आधी." बाइंडरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग जुळाऱ्याकडे वळला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "कबूल तरी केलं. पण आता याच्या शब्दावर मी काही घेणार नाही." मशीनमनने ते ऐकलं आणि झाडाकडे बघत राहिला. यंत्र खरोखरच चांगलं होतं.

घरी मुलीने विचारलं, "काय सांगितलंत?"

"खोटा मी, असं सांगितलं."

ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

नव्या यंत्राचे पंधरा दिवस भरले. मुलीने कॅमेरा लावला. खुर्च्या मांडताना तिने बापाची खुर्ची शेजारी न ठेवता समोर ठेवली. त्यामुळे पडद्यावर दोघं एका बाजूने दिसणार होते, आणि तिला कॅमेऱ्याकडे बघता येणार नव्हतं. मशीनमनच्या हातात यंत्र होतं. ते कानात घालायला तो निघाला, तर तिने हात वर करून थांबवलं.

"बाबा," ती म्हणाली. ओठ सावकाश, एकेक शब्द सुटा, लहानपणी आईने शिकवला होता तसा. "लोकांनी आपल्या लिंकवरून यंत्र घेतलं की आपल्याला पैसे मिळतात. पहिल्या व्हिडिओपासून मिळतात. हे मी सगळ्यांना सांगत आले, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला ऐकू येत नसताना, तोंड फिरवून बोलत आले. तुम्ही बाकावर छदाम मिळत नाही म्हणालात, ते तुम्हाला खरं वाटत होतं."

मशीनमनने मान हलवली नाही. हा व्हिडिओ बाइंडर बघेल, त्याची बायको बघेल, ज्यांनी ज्यांनी यंत्रं घेतली ते सगळे बघतील, आणि मुलीला नावं ठेवतील, हे त्याला दिसत होतं. कॅमेरा बंद कर, असं सांगायला त्याने तोंडही उघडलं.

पण ती त्याच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत. तिच्या आईने सांगितलं होतं तशी.

"कळलं," तो म्हणाला. यंत्र कानात घातलं, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि म्हणाला, "आता विचार."