एर्सीलियाचं नाक

इटलीतल्या देरूता गावच्या कुंभारांत उबाल्दोइतकं सरळ नाक कुणालाच काढता येत नसे. चारशे वर्षांपूर्वीच्या थाळ्यांचं वेड तेव्हा परत आलं होतं. मधे सुंदरीचा एका बाजूने दिसणारा चेहरा, शेजारी फडफडती पट्टी, पट्टीवर तिचं नाव. पूर्वी अशी थाळी नवरदेव आपल्या होणाऱ्या बायकोला देई. आता परदेशी पाहुणे ती भिंतीवर टांगायला नेत.

उबाल्दो समोर आपल्या मुलीला, एर्सीलियाला बसवी. पण तिचं नाक पडलं बसकं आणि हनुवटी पुढे आलेली. जुन्या नमुन्यात असलं काही चालत नसे, मग तो बेलाशक दुरुस्ती करी.

"बाबा, ही कोण भवानी? हे माझं नाक नाही."

"गप बैस. तुझं नाक काढलं तर थाळी घेईल कोण?"

"मग मला कशाला बसवता? बकरी बसवा!"

"बकरीचंही नाक सरळ करेल तो!" आतून तिची आई नाझारेना हसे.

एका हिवाळ्यात एर्सीलिया तापाने गेली. घरात तिचा फोटो नव्हता. थाळ्या तर साऱ्या विकल्या गेलेल्या.

"मला तिचा चेहरा काढून दे," नाझारेना म्हणाली. "मी विसरत चाललेय रे. काल डोळे मिटले तर नुसता डोक्याचा रुमाल दिसला."

उबाल्दो बसला. कुंचला टेकला आणि नाक सरळ उतरलं. कच्च्या थाळीवर रंग मुरतो, पुसता येत नाही. दुसरी घेतली, पुन्हा सरळ. मुद्दाम बसकं काढलं तर ते कुणा म्हातारीचं झालं. पोरीला इतकी वर्षं समोर बसवून या माणसाने काय पाहिलं, तर काय काय बदलायचं तेवढंच! आता तेच हवं होतं, आणि ते हातातही नव्हतं, डोळ्यांतही नव्हतं. तो ओक्साबोक्शी रडला.

शेवटी आला तसा चेहरा काढला, पट्टीवर एर्सीलियाचं नाव लिहिलं आणि थाळी भट्टीत लावली. आईला ओळखू येईल, अशी त्याला वेडी आशा होती.

भट्टी निवल्यावर नाझारेनाने थाळी उजेडात नेली, बाहीने पुसली. तिला वाचता येत नव्हतं.

"छान उतरलीय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची ना? नीट बांध. आणि माझी कधी करतोस?"

उबाल्दोने गवत ओढलं आणि तो थाळी बांधायला बसला.