घरच्या डब्यांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल बोलतोय. मॅपलच्या लाकडाचं, सहा माणसं ऐसपैस बसतील एवढं लांब, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेलं. अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या जवळ एक संस्था आहे. तिच्या मोठ्या खोलीत खिडकीशी मला ठेवलंय. बाहेर बर्फ साचलं की काचेतून थंडी सरळ माझ्या अंगावर येते. आता तुम्ही म्हणाल, शिकागोकडचं टेबल आणि मराठी कुठून बोलायला लागलं? सांगतो हो. सगळं सांगतो. मला कुठे जायचंय!

विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका गावच्या वाचनालयात गेलो. तिथल्या पोरांनी माझ्यावर कर्कटकाने आपापली नावं कोरली, आणि पुढे वाचनालयाला नवं चकचकीत फर्निचर आल्यावर मला मागच्या दाराशी उभं केलं. तिथून मला या संस्थेच्या लोकांनी उचललं. तेव्हा संस्था नुकतीच निघाली होती, एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात.

ही संस्था ज्यू लोकांची. इथे शिकवणं चालतं, संशोधन चालतं. पण तिचा एक हट्ट आहे. दिवसातून तीनदा प्रार्थना करणारे, वर्षातून एकदा करणारे, देवच नाही म्हणणारे, बाईला रब्बी म्हणजे धर्मगुरू मानणारे आणि मुळीच न मानणारे, या सगळ्यांनी एकाच छपराखाली बसायचं आणि तीच जुनी पुस्तकं वाचायची. वाचायचं तेही जोडीने. समोरासमोर बसून, मोठ्याने, भांडत. एकट्याने मनात वाचलेलं इथे कोणी वाचलेलं धरतच नाही.

काय दिवस होते ते! माझ्यावर सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते रब्बी पिंखस आणि मिरियम यांचं. तो जुन्या वळणाचा, काळी दाढी, काळी टोपी. ती स्वतः रब्बी, आणि त्याच्या मते बाईने रब्बी होणं बरोबर नाही. तरी दर गुरुवारी दोघं माझ्यापाशीच बसायची. एका ओळीवरून तास तास वाद घालायची, मुठी आपटायची, आणि उठताना एकमेकांना पुढच्या गुरुवारची आठवण करायची. नवीन माणूस आला की त्याला सांगायचे, त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बस, तिथे वाद रंगतो. ऐकून मला अशी काही घमेंड चढायची!

मग निघाला जेवणाचा प्रश्न. ज्यू धर्मात खाण्याचे नियम कडक. त्या नियमांत बसतं त्याला कोशर म्हणतात. कडक पाळणारी माणसं शिक्क्याचं, म्हणजे धर्मगुरूंनी तपासून पाकिटावर तसा शिक्का मारलेलं, तेवढंच खातात. कोणाच्या घरच्या भांड्यातलं चालत नाही. एकदा कोणीतरी घरून काहीतरी शिजवून आणलं आणि ते शिक्क्याच्या पदार्थांत मिसळलं. झालं! सभा बसली, तीही अशी लांबली की विचारू नका. शेवटी ठरलं की मोठ्या टेबलावर शिक्क्याचं, आणि घरून आणलेलं वेगळ्या टेबलावर. ज्याला चालेल त्याने तिथलं घ्यावं, ज्याला चालत नाही त्याने घेऊ नये, कोणाचंच मन दुखायला नको. ठराव अगदी चांगल्या मनाने केला होता हो. म्हणून तर मला रागावताही येईना.

ते वेगळं टेबल म्हणजे मी. सगळ्यात जास्त ओरखडे माझ्यावर होते ना. निळं मेणकापड अंथरून मला झाकलं. पिंखसने आपली पुस्तकं उचलली आणि दुसऱ्या टेबलावर नेली. पुस्तकांना खरकटं लागू नये म्हणून. मिरियमही गेली. आणि घरचं आणणारी माणसं तरी किती? लोकांना वाटलं, कशाला ती कटकट, शिक्क्याचा केक विकत आणलेला बरा. माझ्यावर ओले कोट, एकएकटे हातमोजे आणि विसरलेल्या छत्र्या येऊन पडू लागल्या. त्याच खोलीत चार हातांवर वाद चाललेले ऐकू यायचे, माझ्याकडे मात्र कोणी वळायचं नाही. लाकडालाही एकटं वाटतं, मित्रांनो. हसू नका.

अशा दिवसांत सिपोराकाकू आली.

सिपोरा नागावकर. अलिबागकडची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. मुंबईत आणि मग इथे जन्मभर नर्सची नोकरी केलेली. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा एझ्रा लांब टेक्ससमध्ये, प्लेनोला. दर गुरुवारी ती वर्गाला यायची आणि आपला डबा माझ्यावर उघडायची. डब्यात कधी तांदळाच्या भाकऱ्या, कधी नारळाच्या रसातली मासळी. खाता खाता ती बोलायची. म्हणजे स्वतःशीच, पण ऐकायला मीच असायचो. "अगं बाई, मीठ विसरले की." "आज एझ्राचा फोन नाही." असं करत करत मी मराठी शिकलो.

लोक तिच्याशी गोड वागायचे. फारच गोड. प्रत्येक नवा माणूस हसून विचारायचा, तुम्ही इंडियाच्या ना, मग ज्यू कधी झालात? तीही हसून सांगायची, की आमचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, त्याला दोन हजार वर्षं झाली म्हणतात. मग माझ्यापाशी येऊन पुटपुटायची, "दोन हजार वर्षं झाली, पण इथे मला दर गुरुवारी नव्याने ज्यू व्हावं लागतं."

तिला आणायला-सोडायला जागृती यायची. ही शेजारची मुलगी, नागपूरची, बौद्ध, कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी. काकूला हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटायची. जागृती म्हणायची, "मी तशीही त्याच बाजूने जाते ना काकू." ती त्या बाजूने मुळीच जात नव्हती.

मग एका हिवाळ्यात एझ्राच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. काकूला विमानाने जायचं होतं, पण वादळामुळे फ्लाइट कॅन्सल झाली. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी बसून राहिली. डबा उघडला नाही. माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "एलियाहू हन्नबी, माझं पोर बरं कर. आमच्या दहा माणसांत बसून तुझा मलिदा करीन."

एलियाहू हन्नबी म्हणजे ज्यूंचा प्रेषित. बेने इस्राएल लोक त्याला अडीअडचणीला हाक मारतात. आणि काम झालं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदामाचे काप, आणि थाळ्यात भोवताली फळं. ज्यूंच्या एकत्र प्रार्थनेला दहा ज्यू माणसं लागतात, ती जमवायची, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. खाल्लं की नवस फिटला. नुसता मांडून फिटत नाही.

एझ्रा बरा झाला. काकूचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी काळजी लागली. दहा माणसं आणायची कुठून? तिच्या समाजाचं इथे कोणी नाही. तिने मिरियमला विचारलं. मिरियम आता संस्थेची डायरेक्टर झाली होती. तिला कोण आनंद झाला! तिने काकूचे दोन्ही हात धरले. झाडांचं नवं वर्ष म्हणून ज्यूंचा एक सण असतो, त्याच्या जवळचा रविवार ठरला. पत्रकं निघाली. एका विद्यापीठातून प्राध्यापक बोलावले, कॅमेरा आला, पडदा लागला. संशोधन करणारी संस्था ती. कोणाचा आदर करायचा म्हटलं की ती व्याख्यान ठेवते.

त्या दुपारी काकू नऊवारी नेसून आली, वर जाडजूड कोट. जागृतीने बर्फातून सांभाळून आणलेला थाळा माझ्यावर ठेवला. काय सुरेख दिसत होता तो! खूप दिवसांनी माझ्यावरचे ओले कोट हलले होते. आणि तेवढ्यात संस्थेतल्या कोणीतरी येऊन थाळ्यापुढे एक पाटी उभी केली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा धार्मिक नैवेद्य आहे, कृपया हात लावू नये.

काकूला चष्म्याशिवाय पाटी वाचता आली नाही. जागृती थाळा ठेवून गेली होती, सगळं संपल्यावर काकूला न्यायला यायची होती.

व्याख्यान झालं. कोकणातले तेल गाळणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, त्यांचे नकाशे, जुने फोटो. काकूने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग प्रश्न सुरू झाले. पोहेच का? खोबरं कधीपासून? हे हिंदूंकडून आलं का? काकू उत्तरं देत होती आणि अधूनमधून थाळ्याकडे हात करून "घ्या ना, घ्या" म्हणत होती. लोक छातीशी हात नेऊन मान लववत होते. एक बाई तर डोळे पुसत म्हणाली की नाही नाही, हे तुमचं आहे, आम्ही कसा हात लावणार. फोटो काढले. कॅमेऱ्यावाल्याने वायरी गुंडाळल्या. आणि सगळी मंडळी मोठ्या टेबलाकडे वळली, शिक्क्याचा केक आणि कॉफी घ्यायला. बाहेर बर्फ वाढत होतं, तसे बरेच जण घरीही निघाले.

काकू माझ्यापाशी एकटी उभी राहिली. कोणी घास घेतल्याशिवाय तिला घेता येईना, आणि बोलावून बोलावून तिचा आवाज बसला होता. जागृती आली तेव्हा तिला म्हणाली, "एवढं सगळं विचारलं गं त्यांनी. घास कोणी घेतला नाही."

जागृतीने पाटी वाचली. म्हणाली, "काकू, मी खाते."

"तू खाच. पण बोलले मी आमच्या दहा माणसांचं. माझ्या एझ्राच्या जिवाचं आहे गं ते."

जागृती हळूच म्हणाली, "काकू, माझ्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. त्यांचा नाइलाज होता. इथे मी गप्प बसणार नाही." तिने पाटी आडवी केली आणि सरळ मोठ्या टेबलाशी गेली. इंग्रजीत बोलली, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो. ओरडली नाही ती. म्हणाली, "काकूंनी हे दाखवायला आणलेलं नाही. तुम्ही खावं म्हणून आणलंय. तुम्ही नाही खाल्लं, तर मुलासाठी बोललेला त्यांचा नवस अर्धा राहतो."

मिरियमचा चेहरा उतरला. तिने कप खाली ठेवला, आली आणि माझ्याजवळची खुर्ची ओढून बसली. "मला वाढा," एवढंच म्हणाली. मग एकेक जण येऊ लागला. काकू मुठीने मलिदा वाढू लागली आणि मनात माणसं मोजू लागली. तिने बायका मोजल्या, पुरुष मोजले, देव न मानणारा म्हाताराही मोजला. या संस्थेत प्रार्थनेच्या दहांत कोणाला मोजायचं यावरून वर्षानुवर्षं भांडणं झालीत. काकूने कोणाला विचारलंच नाही. नऊ झाले.

दहावा दाराशी कोट चढवून उभा होता. रब्बी पिंखस. दाढी आता पांढरी झालेली. त्याच्या नियमात घरच्या भांड्यातलं बसत नव्हतं, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हे. काकूलाही ते माहीत होतं. तिने त्याला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. माझं तर लाकूड आवळलं गेलं.

पिंखसने कोट काढला. येऊन मिरियमच्या समोर बसला, पूर्वी बसायचा तसा. थाळ्यातलं अख्खं संत्रं उचललं, आणि सोलण्याआधी झाडाच्या फळासाठीचा आशीर्वाद खणखणीत आवाजात म्हटला. न कापलेलं फळ कोणाच्याही घरचं चालतं. बाकीच्यांनी आमेन म्हटलं. त्याने एक फोड तोंडात घातली, दुसरी काकूपुढे धरली आणि विचारलं, "मुलाचं नाव काय म्हणालात?"

"एझ्रा," काकू म्हणाली आणि रडायला लागली. मग तिने पहिला घास घेतला. जागृतीला तर दोनदा वाढलं.

पुढच्या उन्हाळ्यात एझ्राने तिला प्लेनोला नेलं. जाताना निरोपाला ती आली होती, पण तेव्हा माझ्यावर खोकी रचलेली होती. बहुतेक तिला मी दिसलोच नाही. जागृतीचंही इकडे येणं संपलं. पिंखस मुलीकडे राहायला गेला, मिरियम रिटायर झाली. संस्थेच्या संग्रहात काकूचं ते व्याख्यान जपून ठेवलंय. फोटो आहेत, मलिद्याची कृती आहे, सगळं आहे. ती माणसं खायला बसली ते मात्र कुठेच नाही, कारण कॅमेरा आधीच बंद झाला होता. मला तिची फार आठवण येते. मराठी आता माझ्याशी कोणी बोलत नाही.

पण मित्रांनो, आज मी हे एवढं का बोलतोय ते सांगतो. आत्ता माझ्यापाशी एक बाई उभी आहे. इथिओपियाहून आलेली, इथे नवीन. तिने फडक्यात गुंडाळलेला घरचा मोठा गोल पाव माझ्यावर ठेवलाय आणि फडकं सोडलंय. पाव अजून गरम आहे. समोर आठ-दहा जण आहेत. पावाचे फोटो काढतायत, नाव कसं लिहायचं ते विचारतायत. ती प्रत्येकाला उत्तर देतेय आणि मध्येच पावाकडे हात करतेय.

तुमच्यापैकी कोणी जवळपास असाल तर या रे. खुर्ची ओढा आणि बसा तिच्यासमोर. नियमात बसत असेल तर घास घ्या, नसेल बसत तर नुसते बसा आणि तिच्या मुलाबाळांची नावं विचारा. पण लवकर या, पाव गार होतोय.